कारवानी कुत्र्याला झाडपाला लावताना

कोल्हापूरकडं कारवानी किंवा पश्मी ही शिकारी कुत्री पाळणाऱ्याच्या दारात कडुनिंब आणि घरात हळद असतेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, तरी ही कुत्री उसाच्या पाचटातून, माळावरच्या कुसळातून पळायची ती पळतातच. घोळ होतो तो म्हशीचं औषध तसंच कुत्र्याला लावल्यानं. कारवानीची कातडी पातळ, केस तोकडे, अंगावर चरबी नावाला. त्यात कुत्रं अंग चाटतं, म्हणजे वर लावलेलं पोटात जाणारच.

गोचीड आधी चिमट्यानं काढा. कातडीला अगदी लागून तोंडापाशी धरायचं आणि पीळ न देता सरळ ओढायचं. रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली नीट बघा. मग ५-६ रिठ्यांच्या बिया काढून साली रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा आणि त्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल फेटून घ्या. तेल वर तरंगलं की परत फेटा. नाहीतर ते एकाच जागी बसतं आणि तिथं कातडी लालबुंद होते. आधी मांडीच्या आत थोडं लावून दिवसभर बघा. काही झालं नाही तर अंगभर चोळा, डोळे सोडून, आणि दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. आठवड्यातून एकदा बास. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला नको.

एवढं करूनही गोचीड परत दिसले तर राहायची जागा तपासा. मादी अंडी कुत्र्यावर घालत नाही, भिंतीच्या भेगांत घालते. भेगा बुजवल्याशिवाय धुणं वाया जातं.

कुसळाची टोकं अशी असतात की ते मागं येत नाही, आत आतच सरकतं. ते न काढता वर हळद थापली की आत पू धरतो. म्हणून आधी कुसळ काढा, ग्लासभर कोमट पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ घालून जागा धुवा. साध्या खरचटण्यावर दगडीपाल्याची दहा-बारा पानं धुऊन, तळहातावर चोळून रस पिळायचा. वाळल्यावर चिमूटभर हळद खोबरेल तेलात कालवून लावा. हळकुंड घरी कुटलेलं बरं, सुट्या हळदीत रंग मिसळलेला असू शकतो. खोल जखमेला यातलं काहीच नको, तिथं टाके लागतात.

तंबाखूचं पाणी गोठ्यात चालवतात, निपाणी जवळ असल्यानं पाला मिळतोही सहज. पण चाटलेलं निकोटीन कुत्र्याचा जीव घेतं. बिब्ब्यानं फोड येतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. लसूण-कांदा खाऊ घातला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

ताप, फिकट हिरड्या, गडद लघवी किंवा नाकातून रक्त दिसलं तर तो गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, आणि अंगाला काय काय लावलंय ते डॉक्टरांना न लपवता सांगा.