कोरा चहा कडू होतोय? पत्ती बदलायच्या आधी हे वाचा

बिनदुधाचा चहा प्यायला लागलं की पहिली तक्रार ठरलेली, कडू लागतो बुवा. माझंही तेच झालेलं, ग्रीन टीचा नवाकोरा डबा दोन कपांनंतर मागच्या फळीवर ढकलला होता, मग बऱ्याच दिवसांनी कळलं की पत्ती बिचारी चांगली होती, मीच तिच्यावर खळखळतं आधण ओतत होते.

तर पत्ती किती, पाणी किती गरम आणि किती वेळ मुरवायचं, एवढं सांभाळलं की झालं. पत्तीतला गोडसरपणा देणारी अमिनो आम्लं कमी गरम पाण्यातही आरामात उतरतात, पण कडवट-तुरट करणारी कॅटेचिन्स आणि कॅफिन पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त तितके जोरात बाहेर येतात. म्हणून चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात (आकडा माझ्या मनाचा, पण बघा तुमच्या आसपास).

ग्रीन, ऊलाँग, ब्लॅक सगळे एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक एवढाच की पान तोडल्यावर त्याला हवेशी किती ऑक्सिडाइज होऊ दिलं. ग्रीनचं पान लगेच गरम करून ती प्रक्रिया थांबवतात, म्हणून त्याला 70 ते 80 अंशाचं पाणी आणि दोनेक मिनिटं पुरतात. ब्लॅकला मात्र उकळतंच पाणी घाला, तीन ते पाच मिनिटं झाकून ठेवा. ऊलाँग या दोघांच्या मधला, 90 च्या आसपास. 200 मिली पाण्याला 2-3 ग्रॅम पत्ती धरा, पण मोठ्या पानांच्या चहाला चमचा फसवतो हं, चमचा भरलेला दिसतो आणि आत नुसती हवा, छोटा वजनकाटा असेल तर बेस्ट.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळलेलं पाणी गार कपात ओतलं की अंदाजे 10 अंश उतरतं, तिथून दुसऱ्या कपात ओतलं की अजून थोडं, की झालं ग्रीनला तयार. चीनमध्ये तर जुने लोक बुडबुड्यांवरून ओळखायचे, आधी बारीक कोळंबीचे डोळे, मग खेकड्याचे डोळे, मग माशाचे डोळे. मला हे जाम आवडतं, किटलीपाशी उभं राहायला कारण मिळतं.

आता खरी मजा, तीच पत्ती परत वापरायची. चीनमधल्या गोंगफू पद्धतीत गायवान नावाचा झाकणाचा छोटासा कप असतो, त्यात 100 मिली पाण्याला चक्क 5-6 ग्रॅम ऊलाँग घालतात, पण मुरवायचं फक्त 15-20 सेकंद, की लगेच सगळं गाळून घ्यायचं, थेंब ठेवायचा नाही नाहीतर पत्ती आत मुरतच राहते. मग परत पाणी, दर वेळी थोडे सेकंद वाढवत पाच-सहा वेळा तरी होतं. पहिल्या खेपेला वास जास्त, तिसऱ्याला अंग येतं, शेवटी नुसता गोडसर. गायवान नसेल तर झाकण आणि गाळणं असलेलं कुठलंही छोटं भांडं चालेल.

बाकी ठिकाणी याच तीन गोष्टी वेगळ्या तऱ्हेने जुळवल्यात. रशियात छोट्या टीपॉटमध्ये एकदम दाट अर्क करून ठेवतात, त्याला झावार्का म्हणतात, मग ज्याला जितका कडक हवा तितका अर्क कपात आणि वरून समोवारचं (पाणी गरम ठेवणारं तोटीचं मोठं भांडं) गरम पाणी, पाहुणे जास्त असले की ही आयडिया भारी. मोरोक्कोत ग्रीन टी, पुदिना, भरपूर साखर आणि उंचावरून धार, फेस यायला पाहिजे. जपानच्या माचामध्ये गाळायची भानगडच नाही, अख्खं पान दळलेलं असतं, म्हणून 2 ग्रॅम पावडर आधी चाळून घ्या नाहीतर गुठळ्या होतात, मग 70 मिली पाणी 80 अंशाचं, आणि चासेनने, म्हणजे बांबूच्या छोट्या घुसळणीने, गोल गोल न ढवळता पुढे-मागे भराभर घुसळा.

डबा हवाबंद, गॅसपासून आणि मसाल्यांपासून लांब, चहा वास पटकन ओढतो. आणि जेवणावर लगेच पिऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तासभर जाऊ द्या.

एवढं करूनही कडूच लागला तर गार पाण्यात करा, एक लिटरला 8-10 ग्रॅम पत्ती, रात्री फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी गाळायचं. माझा तो फळीवरचा डबा असाच संपला.