दुकानातलं वाय-फाय अडखळतंय? आधी चॅनल बघा

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली की शेजारपाजारची ढीगभर नावं दिसतात. त्यातले बरेच राउटर २.४ गिगाहर्ट्झ या एकाच रेडिओ पट्ट्यावर गर्दी करतात. त्या पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या वाटा म्हणजे चॅनल. मग ऐन संध्याकाळी बिलिंग अडकतं आणि शिव्या बिचाऱ्या इंटरनेटवाल्याला.

वाय-फाय अ‍ॅनालायझरचं एखादं फुकट अ‍ॅप घेऊन कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते बघा, तेही धंद्याच्या वेळेत. मग राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडा. ३ किंवा ८ रिकामा दिसला तरी घेऊ नका, तो दोन्हीकडच्या चॅनलांवर चढतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की आपलाही त्रास आणि शेजाऱ्याचाही.

मोबाइल, टॅब ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाका. इतवारीतल्या जुन्या जाड भिंतींपलीकडच्या गोदामात मात्र त्याचा सिग्नल पोचेलच असं नाही, तिथे २.४ बरा. बिलिंगचा संगणक आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर सरळ लॅन केबलनं जोडा. जागेवरून न हलणाऱ्या वस्तूला वाय-फाय कशाला?

आणि गिऱ्हाइकानं पासवर्ड मागितलाच, तर गेस्ट नेटवर्कचा, म्हणजे राउटरवरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायचा द्या, बिलिंगचा नाही.