नातवंडं अमेरिकेत असली तरी आज्जीची मराठी कशी टिकवायची

आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीत, ताराबाई पार्कात आता अशी बरीच घरं आहेत जिथली नातवंडं सॅन होजेला नाहीतर ह्यूस्टनला आहेत आणि आज्जी व्हिडिओ कॉलवर हाय हॅलो करून गप्प बसते, कारण पुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही. तर त्याच कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत लाखाच्या वर विएतनामी लोक राहतात. १९७५ ला दक्षिण विएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडल्यावर आणि पुढच्या वर्षांत होड्यांतून जीव मुठीत धरून निघालेली माणसं, आता त्यांची नातवंडं तिथं मोठी झालीत. भाषा त्यांच्याकडंही सुटत चाललीय, पण ज्या घरांनी धरून ठेवलीय त्यांच्याकडून लई शिकण्यासारखं आहे.

पहिलं काम नात्यांचं. विएतनामीत समोरच्याला नुसतं 'तू' म्हणून भागत नाही, नात्यानंच बोलायला लागतं. बापाचा थोरला भाऊ बाक, धाकटा चू, आईचा भाऊ काऊ, आणि पोरगं आईबापाशी बोलताना स्वतःला 'मी' न म्हणता 'कॉन' म्हणतंय, म्हणजे लेकरू. त्यामुळं चार वाक्यं येणाऱ्या पोरालाही आपण कुणाचं कोण हे माहीत असतं. आपल्याकडं आत्ती, मावशी, काकी, मामी सगळं असताना पोरं सरसकट आंटी म्हणतात, ते आधी बंद करा. कॉलवर जो येईल त्याला नातं लावूनच हाक मारायची, सुरुवात मराठीत झाली की पुढचं वाक्यही हळूहळू मराठीत येतंय.

दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे आज्जीच्या बोलीला नावं ठेवू नका. तिथली बरीच घरं दक्षिणेकडची, त्यांचे उच्चार आणि शब्द उत्तरेतल्या हनोईपेक्षा वेगळे, आणि घरात ते आपलीच बोली मुलांना देतात. तसंच तिकडच्या मराठी शाळेत प्रमाण मराठी शिकू दे की, चांगलंच आहे. पण नात आज्जीचं ऐकून 'मी जेवलो' म्हणाली तर 'जेवले म्हण' करून तिला अडवू नका, कोल्हापुरात बायका असंच बोलतात, ती आपल्या आज्जीसारखी बोलतेय!

आज्जीला इंग्रजी येत असलं तरी कॉलवर तिनं ते वापरायचं नाही. विएतनामी पोरांना दवाखान्यात, बँकेत आईबापांसाठी दुभाषी व्हायला लागायचं, कोवळ्या वयात ते ओझंच होतं, पण भाषेची गरज खरी होती. आपल्याकडं ती गरज मुद्दाम ठेवायला लागते.

सणाला तेतची पद्धत घ्या. विएतनामी नववर्षाला पोरं मोठ्यांसमोर उभं राहून त्यांच्या भाषेत शुभेच्छा देतात, मगच लाल पाकिटातले पैसे मिळतात. आपण दसऱ्याला करू शकतो, दसरा चौकातलं सोनं लुटणं फोनवर दाखवायचं आणि पोरांनी एकेकाला 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणायचं, मग खाऊचे पैसे.

वेळ सकाळी ७ ची धरा, कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, पोरं शाळेतून आलेली असतात. आणि कधीतरी नातवालाच आज्जीची मुलाखत घ्यायला लावा, २०१९ च्या पुरात काय झालं, लग्नात काय जेवण होतं, असलं विचारायला सांगा. रेकॉर्डिंगला तारीख आणि आज्जीचं नाव टाकून दोन्हीकडं एकेक कॉपी ठेवा.