लिंडबर्गचा न्यूयॉर्क-पॅरिस रूट घरच्या घरी कसा आखायचा

चार्ल्स लिंडबर्ग 1927 मधे एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला न थांबता उडत गेला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण समुद्रावर रस्ता कसा सापडला त्याला, हे फारसं कोणी सांगत नाही. रेडिओ नाही, सेक्स्टंट (सूर्य-तारे बघून जागा काढायचं यंत्र) नाही, समोरची काच पण नाही कारण तिथे पेट्रोलची मोठी टाकी. कंपास, घड्याळ आणि जमिनीवर बसून आधी केलेलं गणित, बस. मला त्याच्या धाडसापेक्षा हे गणित जास्त भारी वाटतं, आणि शाळेतल्या भूगोलावर ते जमतं, म्हणून एकदा हाताने कराच. घरात सहावी-सातवीतलं कोणी असेल तर जोडीला घ्या.

लागेल काय तर पृथ्वीगोल, शिवणाचा दोरा, स्केचपेन, पट्टी, कोनमापक आणि जगाच्या मर्केटर नकाशाची (ज्यात अक्षांश-रेखांशाच्या रेषा सरळ आडव्या-उभ्या असतात) प्रिंट. नकाशा मर्केटरच हवा, दुसऱ्यावर कोन बरोबर येत नाहीत.

आधी दोरा विषुववृत्तावरून पूर्ण फिरवून लांबी मोजा, ती म्हणजे 40,000 किमी. गोल 30 सेमीचा असेल तर 1 सेमीला साधारण 425 किमी पडतात. आता दोऱ्याचं एक टोक न्यूयॉर्कवर, दुसरं पॅरिसवर धरा आणि ताणा, ढिला राहिला तर सगळंच चुकेल. लिंडबर्गनेही सॅन डिएगोच्या लायब्ररीतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावूनच अंतर मोजलं होतं, 3,600 मैल म्हणजे जवळपास 5,800 किमी. तुमचं उत्तर शंभर-दोनशे किमी इकडेतिकडे आलं तरी चालेल.

त्याने रेषेचे 100-100 मैलांचे तुकडे पाडले, कारण विमानाचा वेग ताशी साधारण 100 मैल, म्हणजे एक तुकडा एक तास. आपल्या छोट्या गोलावर तेवढे बारीक तुकडे जमणार नाहीत, 800 किमीचे पाडा. दोऱ्यावर खुणा करा, प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश गोलावरून वाचून नकाशावर टिंब द्या आणि टिंबं पट्टीने जोडा. इथे खरी मजा आहे, गोलावर सरळ असलेला दोरा नकाशावर कमानीसारखा वर जातो, मधे 52 अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग पॅरिसकडे उतरतो. ज्याला ही कमान लांबचा फेरा वाटेल त्याला सांगा की नकाशावरच्या सरळ रेषेने गेलं तर उलट साधारण 240 किमी जास्त पडतात.

मग कोनमापक घ्या. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने कोन मोजा. पहिला 55 ते 60 च्या मधे यायला हवा, शेवटचा 110 च्या आसपास. म्हणजे निघताना तोंड ईशान्येला आणि पोचताना पूर्वेच्याही थोडं खाली, आणि रस्त्यात कुठेही वळण दिसत नाही, फक्त दर तासाला कंपासचा आकडा थोडा थोडा बदलत राहायचा. त्यात कंपासची उत्तर आणि खरी उत्तर एक नसते, कॅनडाच्या पूर्वेच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूला तेव्हा हा फरक 30 अंशांच्या आसपास होता, तो पण हिशेबात धरावा लागे.

वारा मात्र कागदावर धरता येत नाही. लिंडबर्ग लाटा आणि फेस बघून त्याचा अंदाज बांधत होता. 5 अंश चूक धरा आणि न्यूफाउंडलंड ते आयर्लंडच्या 3,000 किमीवर काय होतं ते नकाशावर काढा, 260 किमी बाजूला जाल. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स शहरावरून तो मुद्दाम थोडी वाट वाकडी करून गेला, लोकांना दिसावं म्हणून, आणि नंतर न झोपता अख्खी रात्र काढून आयर्लंडला डिंगलच्या खाडीवर बाहेर पडला. 20 मे ला सकाळी 7:52 ला निघालेला माणूस 33 तास 30 मिनिटांनी पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला.

अटलांटिक न थांबता ओलांडणारा पहिला लिंडबर्गच हा गैरसमज दूर करा प्लीज, पहिले होते अल्कॉक आणि ब्राउन हे दोन वैमानिक, जून 1919, न्यूफाउंडलंड ते आयर्लंड. लिंडबर्ग एकटा जाणारा पहिला.

हे जमलं की मुंबई-न्यूयॉर्क करा, दोरा आइसलंडवरून जातो, बघून पोरं उडतात. त्यानंतर एमी जॉन्सन या वैमानिक बाईचा 1930 चा लंडन ते डार्विन (ऑस्ट्रेलिया) प्रवास घ्या. तिथे एका दोऱ्यावर भागत नाही, बगदाद, कराची, झांशी, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून अशा टप्प्याटप्प्याने दोरा लावा आणि प्रत्येक टप्प्याचं अंतर शेजारी लिहा, तिच्या छोट्या जिप्सी मॉथ विमानात किती पेट्रोल मावत असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.