वर्षभर एकाच झाडाखाली

निसर्ग ओळखायचा म्हटलं की लोक थेट अभयारण्य गाठतात आणि वाघ दिसला नाही की हिरमुसून परततात. माझा सल्ला उलटा आहे. घरापासून पायी जाता येईल असं एक झाड निवडा आणि वर्षभर त्याचा पिच्छा सोडू नका. आठवड्यातून एक सकाळ पुरे. सूर्याकडे पाठ करून उभं राहा. तोंडावर ऊन घेतलंत तर सगळे पक्षी काळेच दिसतील.

माझं झाड काटेसावरीचं. वडसुद्धा चालेल, पण नवख्याने पानगळीचं झाड घ्यावं, त्यात काही लपून राहत नाही. थंडीत सावर पार उघडी पडते आणि मार्चपर्यंत लाल, जाडजूड फुलांनी लदते. तेव्हा तिथून हलू नका. साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल, भोरड्या, शिवाय खारी अशी सगळी वर्दळ असते. मध प्यायला कोण आलं आणि मधावरचे किडे टिपायला कोण, हे वेगळं लिहा. उन्हाळ्यात बोंडं फुटतात, कापूस उडतो. एखादा पुंजका धरून आतलं बी बघा.

वहीत तारीख, वेळ, हवा, पानं-फुलं-फळांची स्थिती आणि आलेले पाहुणे एवढंच हवं. नाव येत नसेल तर ‘चिमणीपेक्षा बारीक, शेपटी सतत वरखाली’ असं लिहा. नाव घरी येऊनही शोधता येतं, वागणं तिथेच पाहावं लागतं. दुर्बीण घ्यायची झाली तर ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. कॅमेरा पहिलं वर्ष घरीच ठेवा, त्याच्या नादात बघायचं राहून जातं. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं. पण डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी तो वहीत चढवत नाही. आणि पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याची शीळ वाजवू नका. विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

मे महिन्यात कानांना काम. ‘कुहू’ करणारा कोकीळ काळा नर असतो. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असते. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ सुरू झालं की ढगांकडे बघायला लागा.

पाऊस पडला की मात्र नजर खाली. माझा हा सगळ्यात आवडता काळ. वाळवीला पंख फुटतात आणि ती उधळली की कोतवालाची चंगळ होते. ओल्या मातीत मखमली लाल मृगाचा किडा फिरतो. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो कीटक नाही, कोळ्यांच्या गोतावळ्यातला. मग रुईचं झुडूप गाठा आणि पानं उलटून बघा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट दिसला तर त्या फांदीला दोरा बांधा आणि दर दोन दिवसांनी चक्कर मारा. हा प्लेन टायगर फुलपाखराचा सुरवंट. रुईचं विष तो अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. दुसऱ्या एका फुलपाखराची मादी तर निव्वळ प्लेन टायगर फुलपाखराचा वेश घेऊन वाचते! रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर पुसू नका. ती हलली तर तोही सुरवंटच.

पाऊस ओसरला की धोबी पक्षी येतात. वर शेपटी हलवणारा म्हणून लिहिला तो हाच. पहिला दिसला ती तारीख ठळक लिहा, मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा दिसेल तीही. वहीचं उजवं पान यंदासाठी, डावं कोरं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्याची नोंद तिथे करायची. सावर लवकर फुलली की उशिरा, धोबी वेळेवर आला की नाही, ते दोन पानं शेजारी ठेवली की आपोआप कळतं.