ओपन सोर्सच्या चर्चेत पहिल्यांदा डोकावताना

सुरुवात ओळखीच्या सॉफ्टवेअरपासून करा. लिबरऑफिस, व्हीएलसी, फायरफॉक्स, यांतलं जे रोज वापरता त्याच्याच चर्चा उघडा आणि पहिले काही दिवस नुसतं वाचा.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही पाहता, बदलता आणि बदलून वाटता येतो. ते फुकटच असतं असं नाही. इंग्रजी 'फ्री'चे दोन अर्थ होतात, म्हणून हा घोळ. प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला; 'फ्री' म्हणजे 'मुक्त', 'मोफत' नव्हे, हे ते पुढे आवर्जून सांगत आले. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ही सोयच. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८चं.

मग प्रकल्पाच्या कोडमध्ये 'लायसन्स', म्हणजे परवाना, नावाची फाइल शोधा. कोड नुसता दिसतोय, पण परवाना नाही, तर ते ओपन सोर्स नव्हे. जीपीएल नावाच्या परवान्याची अट अशी की बदललेली आवृत्ती वाटलीत, तर तिचा कोडही त्याच परवान्याखाली द्यायचा. एमआयटी परवान्याला कॉपीराइट आणि परवान्याची मूळ सूचना जपली की पुरतं.

आता बोलीभाषा. कोणीतरी लिहितं, 'एलजीटीएम, वन निट.' पहिलं म्हणजे 'लुक्स गुड टु मी', मला ठीक वाटतंय. निट म्हणजे चक्क लीख, उवेचं अंडं! बारीकशी खोड काढलीय, इतकंच. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, 'माझा बदल तुमच्यात घ्या' ही विनंती. प्रकल्पाची स्वतःची प्रत काढून वेगळी वाट धरली की तो फोर्क. 'आरटीएफएम' म्हणजे आधी मॅन्युअल वाच, मधल्या 'एफ'मध्ये शिवी. ते कोणाला म्हणू नका. तुम्हाला म्हटलं तर राग गिळा आणि मॅन्युअल मात्र वाचा.

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, कळवण्याआधी तो आधीच कोणी कळवलाय का, ते शोधा. 'प्रिंट नीट येत नाही' एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. असं लिहा: आवृत्ती अमुक, ऑपरेटिंग सिस्टीम तमुक, फाइल उघडली, प्रिंट दिली, दुसऱ्या पानावर जोडाक्षरं तुटली, पहिलं पान ठीक.

उत्तर 'वर्क्स फॉर मी' आलं, तर त्यांच्या मशीनवर तो दोष दिसला नाही, एवढंच समजा. वाद घालू नका. जिच्यावर घोळ होतो ती फाइलच जोडा, खासगी मजकूर काढून.