इंजिनिअरिंगनंतर सैन्यात जायचंय? या चुका टाळा

‘प्लेसमेंट नाही लागली तर आर्मी आहेच की!’ फायनल इयरच्या कट्ट्यावर हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. पहिली चूक हीच. टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, टेक्निकल) या सैन्यात अधिकारी होण्याच्या दोन्ही एन्ट्रींना लेखी परीक्षा नसते, हे खरं. पण गुणांचा कटऑफ लागतो, तोही शाखेनुसार वेगळा. त्याच्या वर असाल तरच एसएसबीचं (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत) बोलावणं येतं. दुसऱ्या वर्षी ‘पास झालो ना, बस’ म्हणणाऱ्याचा पत्ता तिथेच कटतो.

दुसरी चूक कागदाची. डिग्रीवर शाखेचं नाव काय आहे आणि नोटिफिकेशनमधल्या यादीत काय आहे, ते अक्षर न् अक्षर ताडून पाहा. हल्ली कॉलेजं शाखांना लांबलचक नावं देतात, म्हणून हे जास्तच सांगतोय. सीजीपीएची टक्केवारी काढायला आपल्याच विद्यापीठाचं सूत्र वापरा, मित्राच्या नाही. वय 20 ते 27, आणि तेही नोटिफिकेशनमध्ये दिलेल्या तारखेला मोजतात. सीडीएस या लेखी परीक्षेतून आयएमएला (डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी) जायचं ठरवलंत तर वयाची वरची मर्यादा आणखी कमी होते.

खरी गळती एसएसबीत, आणि तीही पहिल्याच दिवशी. स्क्रीनिंगला एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात, मग चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटापुढे सांगायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा क्लासमध्ये घोकलेली गोष्ट चिकटवली: गावात पूर, तरुण इंजिनिअर, त्याने बांधलेला पूल. माझ्या आधी दोघांनी पूल बांधून टाकला होता! चर्चा सुरू झाल्यावर मी आवाज चढवला, ऐकलं कुणाचंच नाही. दुपारी निवडलेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता. संध्याकाळच्या गाडीने परत. चित्रात दिसतंय तेच लिहा आणि गटात दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मुलाखतीत तर घरच्यांपासून प्रोजेक्टपर्यंत सगळं खोदून विचारतात. विकत आणलेला प्रोजेक्ट तिथे दोन प्रश्नांत उघडा पडतो.

मेडिकलकडे लोक निकालानंतर बघतात. वाढलेलं वजन, कानातला मळ यांवर वेळ मिळाला तर इलाज आहे. रंगांधळेपणावर नाही. आधीच एकदा तपासून घ्या.

आणि एक गैरसमज: ‘टेक्निकल एन्ट्री, म्हणजे लॅबमध्ये काम.’ छे! इंजिनिअर्स, सिग्नल्स (संदेशवहन) किंवा ईएमई (यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती), सैन्याच्या कुठल्याही तांत्रिक शाखेत गेलात तरी आधी तुम्ही अधिकारी, हाताखाली जवान. 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे काढत रस्ता मोकळा करणारे बॉम्बे सॅपर्सचे (सैन्यातल्या इंजिनिअर्सची तुकडी) सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं. इंजिनिअर्सचं काम म्हणजे हे. शिवाय टीजीसीत कायमस्वरूपी कमिशन, तर एसएससीत नोकरी 10 वर्षांची, पुढे चार वाढू शकतात. हा फरक घरी आधीच सांगा, नाहीतर पेन्शनवरून वाद ठरलेला.

कॉल लेटर आल्यावर महागड्या क्लासला पैसे भरण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातल्या उमेदवारांना एसएसबीची तयारी राहण्याजेवणासह मोफत करून घेतात.